घरी डॅशकॅम बनवायचा तर आधी वीज तुटण्याचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी हॅचबॅक गाडी आहे, घरात रास्पबेरी पाय ५ (एका पाटीवरचा छोटा संगणक, पुढे नुसतं ‘पाय’) पडून आहे. त्याला कॅमेरा जोडून डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता सतत टिपणारा कॅमेरा, म्हणून काचेवर लावायचा, वीज पॉवर बँकेवरून घ्यायची, रेकॉर्डिंग एमपी४ मध्ये करायचं. हे चालेल का, समोरच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येईल का, उद्या अपघात झालाच तर हे फुटेज पुरावा म्हणून धरतील का, आणि मागेही एक कॅमेरा लावता येईल का?

चालेल, पण यादीतल्या तीन गोष्टी बदला: पाय ५, पॉवर बँक आणि एमपी४. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो आणि असे घरगुती डॅशकॅम बरेच जोडले, तपासले आहेत. बहुतेक लोक सगळी शक्ती कॅमेरा निवडण्यात घालवतात. डॅशकॅमचं काम मात्र अपघाताआधीचे आणि नंतरचे काही सेकंद जपणं एवढंच असतं, आणि नेमकी त्याच वेळी वीज जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. बहुतेक हॅचबॅकमध्ये बॅटरी बॉनेटखाली पुढेच असते. समोरून धडक बसली की टर्मिनल निसटतं, तार तुटते किंवा फ्यूज उडतो. वीज अचानक गेली तरी शेवटचा सेकंद कार्डवर पोचलेला असला पाहिजे, ही अट आधी लिहून ठेवा आणि बाकीचे निर्णय तिच्यावर घासून बघा.

सुरुवात फाइलपासून करू. एमपी४ फाइलमध्ये कुठली चौकट (फ्रेम, चित्रणातलं एकेक चित्र) कुठे ठेवली आहे याची एक सूची असते आणि नेहमीच्या पद्धतीत ती फाइल बंद करताना, अगदी शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर सूची लिहायची राहते आणि आधीचं सगळं चित्रण कार्डवर असूनही फाइल उघडत नाही. दुरुस्त करणारी साधनं मिळतात, पण पुराव्याची फाइल दुरुस्त करून दाखवण्याची वेळ स्वतःवर आणू नये. त्याऐवजी एमपीईजी-टीएस वापरा. हा साचा प्रसारणासाठी बनवलेला आहे. त्यात १८८ बाइटची पाकिटं एकामागून एक येतात आणि कुठूनही वाचायला सुरुवात करता येते, म्हणून फाइल मधेच तुटली तरी तुटेपर्यंतचं सगळं दिसतं. एकेक मिनिटाचे तुकडे पाडा आणि दर सेकंदाला एक पूर्ण चौकट (की-फ्रेम, जी आधीच्या चौकटींवर विसंबून नसते) येईल अशी सोय करा. पायच्या कॅमेरा आज्ञावलीत या दोन्हींसाठी तयार पर्याय आहेत.

आता ज्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही ती गोष्ट. पायवर चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम फाइलमधला मजकूर लगेच कार्डवर लिहीत नाही. ती तो आधी मेमरीत साठवते आणि सवडीने खाली उतरवते. मूळ मांडणीत ही सवड ३० सेकंदांपर्यंत असते. तुमचा प्रोग्राम ‘लिहिलं’ म्हणतो तेव्हा ते कार्डवर असेलच असं नाही. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणारी गाडी ३० सेकंदांत एक किलोमीटर कापते, म्हणजे धडकेच्या क्षणी वीज गेली तर शेवटचा किलोमीटर चित्रणात नसण्याची शक्यता आहे. यावर उपाय म्हणजे कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) ही मुदत एका सेकंदावर आणणे, किंवा रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामने दर सेकंदाला सक्तीने लिहायला लावणे. मी दोन्ही करतो. कार्डाची झीज थोडी वाढते, ती सोसायची.

कार्डाचे दोन भाग करा. ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवा. रास्पबेरी पायच्या मांडणीतच ओव्हरले म्हणून त्याची सोय आहे, ती चालू केली की सिस्टिमचे सगळे बदल मेमरीत राहतात आणि कितीही वेळा वीज गेली तरी पाय पुन्हा सुरू होतो. दुसरा भाग फक्त व्हिडिओसाठी. १०८० पी चित्रण सेकंदाला १० मेगाबिट दराने केलं तर तासाला साडेचार जीबी होतात. १२८ जीबीच्या कार्डातले १०० जीबी व्हिडिओला दिले तर २२ तास मावतात, रोज दोन तास गाडी चालवणाऱ्याला दीड आठवडा पुरतो. कार्ड हाय एन्ड्युरन्स लिहिलेलंच घ्या. सतत पुसून लिहिण्याच्या कामात मोबाइलसाठीची साधी कार्डं लवकर दगा देतात, आणि वाईट असं की पुष्कळदा काही न सांगता देतात.

आता वीज. गाडीचे १२ व्होल्ट हे फक्त नाव आहे. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, डायनॅमो फिरायला लागला की १४ च्या पुढे जाते, सेल्फ मारताना क्षणभर ८ पर्यंत किंवा त्याखाली पडते. चार्जिंग चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन सुटलं तर उलट टोकाचा झटका येतो आणि विजेचा दाब (व्होल्टेज) क्षणभर कितीतरी वर उसळतो. म्हणून बाजारात मिळणारं नखाएवढं बक मॉड्यूल (दाब ५ व्होल्टपर्यंत उतरवणारा कन्व्हर्टर) इथे चालत नाही. मिनी-३६० नावाने विकल्या जाणाऱ्या मॉड्यूलची चिप २३ व्होल्टपर्यंतच सहन करते. इनपुटला किमान ३६ ते ४० व्होल्ट सहन करणारा कन्व्हर्टर घ्या, त्याच्या आधी २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड (दाबाचा झटका गिळणारा) लावा आणि त्याच्याही आधी २ अँपिअरचा फ्यूज. जोड फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या खाचेत बसून जादा तार देणाऱ्या तुकड्याने) घ्या. मूळ वायर सोलून जोड मारू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि सैल जोड तापतो.

एक तार चावीच्या ॲक्सेसरी लाइनची घ्या आणि एक कायम वीज असणारी. कायम वीज पायला चालवते. चावीची लाइन पायच्या एका पिनला फक्त कळवते की गाडी चालू आहे की बंद. ही पिन ३.३ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही, त्यामुळे मधे पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (तारेने न जोडता उजेडाने इशारा पुढे देणारा भाग) घालाच. चावी बंद झाल्यावर पाच सेकंद थांबा, कारण कित्येक गाड्यांत सेल्फ मारताना ॲक्सेसरी लाइन क्षणभर जाते. लाइन परत आली नाही, पण कायम वीज चालूच असेल, तर रेकॉर्डिंग थांबवा, फाइल बंद करा, पाय बंद करा. बंद पायही थोडी वीज ओढत राहतो, म्हणून त्यानंतर कन्व्हर्टरच तोडणारा एक टायमर रिले लावला तर गाडी आठवडाभर उभी राहिली तरी चिंता नाही.

पॉवर बँक नको म्हणतो ती उष्णतेसाठी. लिथियम सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करायचे नसतात. नागपूर, अकोला, जळगाव इथे मे महिन्यात सावलीतली हवाच ४५ ला पोचते, मग काच बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर काय होत असेल? तिथे लिथियम सेल ठेवणं हा आगीशी खेळ आहे आणि या मुद्द्यावर मी कुणालाही सूट देत नाही. चांगल्या तयार डॅशकॅममध्येही याच कारणाने बॅटरी नसते, सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवून लगेच देणारा मोठा कपॅसिटर) असतो. तोच वापरा.

हिशेब असा. २५ फॅरड, २.७ व्होल्टचे दोन कपॅसिटर एकामागे एक जोडले की १२.५ फॅरड मिळतात. ते ५ व्होल्टपर्यंत चार्ज केले आणि ३ व्होल्टपर्यंत उतरू दिले तर त्यातून १०० ज्यूल निघतात. दाब चढवणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरमध्ये काही वाया जाऊन ८० हाती लागतात असं धरा. झीरो २ डब्ल्यू (पाय ५ ऐवजी वापरायचा छोटा पाय, कारण पुढे येतं) आणि कॅमेरा मिळून अडीच वॉटच्या आसपास घेतात, म्हणजे वीज तुटल्यावर ३० सेकंद रेकॉर्डिंग चालू राहतं. धडकेनंतर कोण उतरलं, कोण निघून गेलं, हे बहुधा त्याच ३० सेकंदांत घडतं. दोन गोष्टी विसरू नका. दोन्ही कपॅसिटरवर दाब सारखा वाटला जावा म्हणून बॅलन्सिंग रोधक (रेझिस्टर) लावा, आणि चार्जिंगचा प्रवाह अर्ध्या अँपिअरला अडवा, नाहीतर रिकामे कपॅसिटर सुरुवातीलाच कन्व्हर्टरला खाली ओढतील. अर्ध्या अँपिअरने ते भरायला दोन मिनिटं लागतात, तेवढा वेळ हा आधार अपुरा असतो. सुपरकपॅसिटरचंही आयुष्य उष्णतेत घटतं, त्यामुळे ते आणि कन्व्हर्टर डॅशबोर्डच्या खाली ठेवा. काचेमागे फक्त पाय आणि कॅमेरा.

खालून वर ५ व्होल्ट नेणारी तारही मोजूनमापून घ्या. स्वस्त यूएसबी केबलमध्ये २८ गेजची तार असते, तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दोन मीटर जाऊन दोन मीटर परत, म्हणजे ०.८५ ओहम झाले. अर्धा अँपिअर ओढला की ०.४ व्होल्ट तारेतच जातात आणि वर ४.६ पोचतात. मग पाय अधूनमधून स्वतःच रिस्टार्ट होतो आणि माणूस सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. अर्धा चौरस मिलिमीटरची साधी ऑटो वायर घेतली की हा प्रश्नच उरत नाही. काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना तिथे पडद्यासारखी उघडणारी (कर्टन) एअरबॅग आहे का ते आधी बघा. असेल तर वायर तिच्या मागून न्या, कधीही वरून नको. एअरबॅग उघडताना तिच्या वाटेत काहीही नसावं. याची खात्री नसेल तर हे एक काम चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

पाय ५ का नको? त्यात एच.२६४ पद्धतीने चित्रण आवळणारा, म्हणजे त्याचा आकार लहान करणारा, हार्डवेअर एन्कोडर नाही. ते काम प्रोसेसरला करावं लागतं, वीज जास्त लागते, उष्णता जास्त होते आणि पंखा लावावा लागतो. जुन्या पाय ४ मध्ये आणि छोट्या झीरो २ डब्ल्यूमध्ये हा एन्कोडर आहे, १०८० पी आणि सेकंदाला ३० चौकटी सहज जमतात. झीरो २ डब्ल्यूमध्ये मेमरी ५१२ एमबीच आहे, पण डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती टाकली तर या कामाला ती पुरते. तुमचा पाय ५ घरी ठेवा, फुटेज उतरवून साठवायला उत्तम आहे.

झीरो २ डब्ल्यूला ७० अंशांपर्यंतच्या वातावरणात चालण्याची मुभा आहे आणि चिप ८० अंशांना पोचली की ती स्वतःचा वेग कमी करते. चिपवर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवा, डबी पांढऱ्या रंगाची घ्या, हवेला वाट ठेवा. थ्रीडी प्रिंटरवर डबी छापणार असाल तर पीएलए प्लास्टिक वापरू नका, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि कॅमेरा हळूहळू आकाशाकडे किंवा बॉनेटकडे बघू लागतो. एएसए किंवा एबीएस घ्या.

आता कॅमेरा आणि नंबर प्लेट. रास्पबेरी पाय कॅमेरा मॉड्यूल ३ घ्या, सोनीचा आयएमएक्स७०८ सेन्सर आहे. त्याची साधी आवृत्ती आडवं ६६ अंश बघते, वाइड आवृत्ती १०२ अंश. बहुतेक जण वाइडकडे धावतात. पण पिक्सेल मोजा. गाड्यांची लांब नंबर प्लेट ५०० मिलिमीटर रुंद असते. १९२० पिक्सेलच्या चौकटीत, समोर १० मीटरवर असलेली ही प्लेट वाइड भिंगातून जेमतेम ३९ पिक्सेलची दिसते. त्यात दहा अक्षरं, म्हणजे एका अक्षराला चार पिक्सेल. हे वाचता येत नाही. साध्या भिंगातून तीच प्लेट ७४ पिक्सेलची होते, अक्षराला सात, आणि उजेड चांगला असेल तर वाचता येते. वाइड भिंगाने एवढं दिसायला ५ मीटरवर जावं लागतं.

दुसऱ्या बाजूला, गावात आणि चौकात जे अंगावर येतं ते बाजूनेच येतं. गल्लीतून निघणारी दुचाकी, डाव्या अंगाने घुसणारी रिक्षा साध्या भिंगाच्या ६६ अंशांत फार उशिरा शिरते. तुमचं चालवणं जास्त शहरातलं असेल तर वाइड घ्या, घाट आणि महामार्ग जास्त असतील तर साधं. मला निवडायला सांगितलं तर मी वाइड घेईन. चूक कुणाची, हे ठरवायला प्लेटपेक्षा कोण कुठून आलं ते दिसणं जास्त उपयोगाचं असतं, आणि धडकेनंतर समोरचं वाहन बहुधा ५ मीटरच्या आतच असतं.

या कॅमेऱ्यात ऑटोफोकस आहे, तो बंद करा. नाहीतर काचेवरच्या थेंबावर किंवा वायपरवर फोकस जातो आणि रस्ता धूसर होतो. फोकस हाताने अनंतावर, म्हणजे शून्यावर ठेवा.

चौकटी सेकंदाला ३० ऐवजी २५ ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, रस्त्यावरचे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ चौकटी आणि एका सेकंदाचा शंभरावा भाग एवढा शटर (एका चौकटीसाठी उजेड घेण्याचा वेळ), ही जोडी त्या दिव्यांखाली पट्टे येऊ देत नाही. रात्री मात्र कॅमेरा उजेडासाठी शटर लांबवतो आणि तिथेच प्लेट हातची जाते. समोरासमोर ताशी ६० ने येणाऱ्या दोन गाड्यांमधलं अंतर सेकंदाला ३३ मीटरने घटतं. शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा झाला तर एका चौकटीतच गाडी सव्वा मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून शटरला मर्यादा घाला, चित्र थोडं दाणेदार आणि काळोखं आलं तरी चालेल. रात्री समोरून येणाऱ्याची प्लेट हेडलाइटच्या झगमगाटात वाचता येईल अशी अपेक्षा कुठल्याच डॅशकॅमकडून ठेवू नका, महागड्याकडूनही नाही.

कॅमेरा आरशाच्या मागे, प्रवाशाच्या बाजूला, वायपर पुसतो त्या पट्ट्यात लावा. चालकाच्या नजरेच्या वाटेत येता कामा नये. भिंगाभोवती काळ्या मखमलीची छोटी झापड काचेला टेकवून लावली की डॅशबोर्डची प्रतिबिंबं बरीच कमी होतात. प्रतिबिंबं कापणारा पोलरायझर फिल्टर दिवसा छान काम करतो पण उजेड खातो, रात्री नडतो.

घड्याळ. झीरो २ डब्ल्यूमध्ये स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर तो सुरू होताना जुनीच वेळ धरून बसतो. यातून एक विचित्र बिघाड होतो: नवीन फाइलवर जुनी तारीख पडते, आणि सर्वांत जुनी फाइल पुसणारा तुमचा प्रोग्राम आजचंच चित्रण आधी पुसतो. डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल जोडा, आणि फाइलच्या नावात तारखेबरोबर सतत वाढत जाणारा क्रमांकही घाला. पुसताना क्रमांक बघायचा, तारीख नाही. निओ-६एमसारखं जीपीएस मॉड्यूल जोडलं तर वेळ उपग्रहावरून दुरुस्त होते. ती जागतिक वेळ असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. वेग आणि ठिकाण दर सेकंदाला प्रत्येक तुकड्याच्या शेजारी साध्या मजकूर फाइलमध्ये लिहा, चित्रावर फक्त तारीख-वेळ छापा.

धक्का ओळखून फाइल कुलूपबंद करणारा सेन्सर लोक हौसेने लावतात. आपल्या रस्त्यांवर मला तो फारसा पटत नाही. संवेदनशील ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला फाइल कुलूपबंद होते आणि कार्ड भरून जातं, बोथट ठेवला तर बाजूने घासून गेलेली गाडी त्याला कळतच नाही. त्यापेक्षा स्टिअरिंगजवळ एक बटण द्या. दाबलं की मागचे तीन आणि पुढचे दोन तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये जातील, तिथलं आपोआप काही पुसलं जाणार नाही. आणि एक एलईडी लावाच. तो ‘पाय चालू आहे’ म्हणून पेटू नये. चालू फाइलचा आकार गेल्या पाच सेकंदांत वाढला असेल तरच पेटावा. घरगुती डॅशकॅमचा सर्वांत सामान्य रोग हाच की तो महिनाभर आधी बंद पडलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो.

सगळं जोडून झालं की गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, रेकॉर्डिंग सुरू असताना फ्यूज उपसून काढा. मोबाइलवरचं सेकंदाचं घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरून ही चाचणी करा म्हणजे नेमके किती सेकंद वाचले ते दिसतं. मग सुपरकपॅसिटरही काढून टाका आणि पुन्हा करा. दुसऱ्या चाचणीत दोन सेकंदांपेक्षा जास्त गेलं तर वर सांगितलेली लिनक्सची मुदत नीट बसलेली नाही.

पुराव्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. जुन्या कायद्यातल्या ६५-ब कलमाची जागा आता ६३ व्या कलमाने घेतली आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर तिच्याबरोबर ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं: एक भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जराशी बदलली तरी बदलणारा) लिहायचं. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात जुलै २०२० मध्ये न्यायालयाने हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. त्या खटल्यातही मुद्दा व्हिडिओ चित्रणाचाच होता. मूळ साधनच न्यायालयात हजर केलं आणि मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

घरगुती डॅशकॅमवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. घटनेनंतर मूळ कार्ड काढून पाकिटात घाला आणि गाडीत दुसरं टाका. त्या कार्डावर पुन्हा काही लिहू नका. फाइलची प्रत काढून लगेच एसएचए-२५६ हॅश काढा आणि तारखेसह लिहून ठेवा. फाइल कापू नका, उजळवू नका, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत मूळ म्हणून देऊ नका, तिथे ती नव्याने आवळली जाते. साधन तुम्ही स्वतः बनवलेलं आहे म्हणून समोरचा वकील वेळेवर आणि विश्वासार्हतेवर बोट ठेवणारच. तेव्हा जीपीएसची नोंद आणि जोडणीचं एक पान वर्णन कामी येतं. ते आत्ताच लिहून ठेवा. पुढचं तुमच्या वकिलाला विचारा. गाडीतलं बोलणं रेकॉर्ड होऊ नये म्हणून मी मायक्रोफोन जोडतच नाही.

मागच्या काचेसाठी याच झीरोला दुसरा कॅमेरा जोडायला जाऊ नका, त्याला कॅमेऱ्याची जागा एकच आहे आणि पट्टीची केबल डिकीपर्यंत जात नाही. मागे दुसरा झीरो २ डब्ल्यू, त्याचं स्वतःचं कार्ड, आणि खालच्याच कन्व्हर्टरवरून वेगळी वीज. सुपरकपॅसिटर दुप्पट करा, नाहीतर ३० सेकंदांचे १५ होतील. पुढचा पाय वायफायवरून मागच्याला वेळ आणि बटण दाबल्याचा इशारा देईल, पण मागच्याने रेकॉर्डिंग त्या इशाऱ्यासाठी अडवून ठेवू नये. वीज आली की त्याने आपापलं सुरू व्हायचं.